गळ टाकणारा चक्रवर्ती : भूलोकमल्ल सोमेश्वर

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही आणि बारमाही थंड वाहणारी नदीही नाही. आहेत ते तलाव, धरणे आणि उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरणाऱ्या नद्या. शहराला पाणी पुरविणारा एकबुर्जीचा जलाशय, कारंजाजवळचे अडाण धरण, कारंजाचा ऋषी तलाव, रिसोडकडून वाहत येणारी पैनगंगा. या पाण्याच्या काठी बांबूची काठी आणि दोरी घेऊन तासन्‌तास बसणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली आहेत. जाळे हे पोटाचे साधन आणि गळ हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असा समज आपल्याकडे रुजलेला आहे. शहाण्या माणसाने गळ टाकत बसू नये, असे घरातील वडीलधारी सांगत आली. परंतु हाच उद्योग सुमारे नऊशे वर्षांपूर्वी दख्खनच्या एका सम्राटाला इतका महत्त्वाचा वाटला, की त्याने राजनीती, युद्धशास्त्र, संगीत आणि पाकशास्त्र यांच्या पंक्तीला त्यासाठी एक स्वतंत्र अध्याय लिहिला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, बिरुद भूलोकमल्ल, हा तो सम्राट. ग्रंथाचे नाव ‘मानसोल्लास’ आणि अध्यायाचे नाव ‘मत्स्यविनोद’. गळाने मासे धरण्याची कला नवशिक्याला क्रमाक्रमाने समजावून सांगणारे इतके जुने आणि इतके तपशीलवार भारतीय लेखन क्वचितच सापडेल.

सोमेश्वराची राजधानी कल्याणी म्हणजे कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. लातूर आणि धाराशिवच्या सीमेपासून ते फार दूर नाही. तेथील पाणी मांजरा नदीला मिळते आणि मांजरा गोदावरीला. आपली पैनगंगा, अडाण, अरुणावती यांचे पाणीही वर्धा आणि प्राणहिता यांच्या मार्गाने शेवटी गोदावरीतच जाते. काटेपूर्णा तेवढी उलट दिशेला पूर्णेत आणि पुढे तापीत जाते. सांगायचे तात्पर्य असे, की सोमेश्वराने ज्या पाण्याच्या काठी बसून मासे न्याहाळले ते आणि वाशीमकरांच्या ओळखीचे पाणी एकाच खोऱ्यातले आहे. त्याचे सरोवर उन्हाने तापणारे, पावसाळ्यात गढूळ होणारे आणि उन्हाळ्यात आटणारे होते. बर्फाच्या पाण्यावर वाहणाऱ्या हिमालयीन नद्यांशी त्याचा संबंध नव्हता.

राजकीय नातेही अगदीच परके नाही. सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याच्या सत्तेची छाया विदर्भावर पडली होती, हे शिलालेखांवरून स्पष्ट होते. नागपूरच्या सीताबर्डीशी जोडला गेलेला शके 1008 चा लेख त्याच्याच राजवटीतील आहे. वाशीमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात डोंगरगाव येथे शके 1034, म्हणजे इसवी सन 1112 चा लेख मिळाला. तो जगद्देव परमार याचा. माळव्याच्या राजघराण्यातील हा राजपुत्र कुंतलेश्वराच्या, म्हणजे विक्रमादित्याच्या, आश्रयास आला आणि तेथे पुत्राप्रमाणे मान मिळवून या टापूचा कारभार पाहू लागला. वाशीमचा वैभवाचा काळ त्या वेळी मागे पडला होता. वत्सगुल्म या नावाने ते वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते, ती गोष्ट सोमेश्वराच्याही सहा शतके आधीची.

सोमेश्वर समजून घ्यायचा तर आधी त्याचा बाप समजून घ्यावा लागतो. विक्रमादित्याने 1076 मध्ये आपला थोरला भाऊ दुसरा सोमेश्वर याला पदच्युत करून गादी मिळविली. शकगणना बाजूस सारून त्याने स्वतःचे चालुक्य विक्रम वर्ष सुरू केले आणि पुढे अर्धशतक राज्य केले. काश्मीरहून आलेला बिल्हण हा त्याचा दरबारी कवी. त्याने राजाचे चरित्र काव्यात गायिले. हिंदू वारसा कायद्याच्या संदर्भात आजही जिचे नाव घ्यावे लागते ती ‘मिताक्षरा’ लिहिणारा विज्ञानेश्वर याच राजधानीत होता. करहाटच्या, म्हणजे कऱ्हाडच्या, शिलाहार घराण्यातील राजकन्या चंदलदेवी या राजाच्या राण्यांपैकी एक. अशा समृद्ध, पंडितांनी गजबजलेल्या आणि सैन्याच्या धाकाने स्थिर असलेल्या दरबारात सोमेश्वर वाढला. 1126 च्या सुमारास गादीवर आला तेव्हा तो कोवळा कुमार असणे शक्य नाही. पन्नास वर्षे राज्य केलेल्या पित्याच्या मागे येणाऱ्या पुत्राचे तारुण्य बहुधा वाट पाहण्यातच सरलेले असते.

या वाट पाहण्याचा आणि त्याच्या लेखनाचा संबंध असावा, असे वाटल्याखेरीज राहत नाही. ‘मानसोल्लास’ हा तरुण विजेत्याचा ग्रंथ नव्हे. पुष्कळ पाहिलेल्या, पुष्कळ ऐकलेल्या आणि प्रत्येक गोष्टीची यादी करून ठेवण्याची आवड असलेल्या माणसाचा तो ग्रंथ आहे. त्यात ग्रहगणितासाठी शके 1051 हे वर्ष घेतलेले आढळते. त्यावरून इसवी सन 1129 च्या सुमारास, म्हणजे राज्यारोहणानंतर अवघ्या तीन वर्षांत, त्याची रचना चालू होती असे मानले जाते. इतक्या थोड्या अवधीत सिंहासनावर बसून आठ हजारांच्या आसपास श्लोक सुचत नाहीत. सामग्री आधीपासून गोळा होत असली पाहिजे.

ग्रंथाची बांधणी शिस्तबद्ध आहे. वीस अध्यायांचा एक विभाग, त्याला नाव विंशती आणि अशा पाच विंशती. एकूण शंभर अध्याय. पहिली विंशती राज्य कसे मिळवावे याची. दुसरी मिळालेले राज्य स्थिर कसे करावे याची. तिसरी राजाच्या उपभोगांची, चौथी विनोदांची आणि पाचवी क्रीडांची. पहिल्या विंशतीत राज्यप्राप्तीचे जे उपाय दिले आहेत ते वाचून आजचा वाचक चकित होईल. सैन्य, कपट, हेरगिरी यांचा तेथे मागमूस नाही. खोटे बोलू नये, दुसऱ्याचा द्रोह करू नये, मत्सर करू नये, रागावू नये, आत्मस्तुती टाळावी, दान करावे, गोड बोलावे हे ते उपाय. ज्याच्या पित्याने सख्ख्या भावाला दूर सारून राज्य घेतले त्या पुत्राने हे लिहावे, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. पित्याच्या गौरवार्थ त्याने ‘विक्रमांकाभ्युदय’ नावाचा गद्य ग्रंथही लिहावयास घेतला होता. तो अपुराच राहिला.

तिसऱ्या विंशतीतील अन्नभोग हा अध्याय खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासकांनी अलीकडे बराच प्रसिद्धीस आणला आहे. इडलीचे पूर्वरूप असलेली इड्डरिका, मांडे, वडे, डोश्याचे जुने रूप, अनेक प्रकारचे मांस आणि मासे शिजविण्याच्या कृती त्यात आहेत. शेताच्या बांधावरचे काळे उंदीर कसे भाजावेत हेही राजाने सांगून ठेवले आहे. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून हे पदार्थ दरवर्षी शिजत असतील की नाही, हा प्रश्न वेगळा. प्रजा काय खाते याकडे राजाचे लक्ष होते, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

मत्स्यविनोद येतो तो चौथ्या विंशतीत. या विंशतीत शस्त्रविद्येचे प्रदर्शन, हत्ती, घोडे, मल्ल, कोंबड्यांच्या झुंजी, लावे, एडके, रेडे, पारवे, शिकारी कुत्रे, ससाणे, मृगया, गीत, वाद्य, नृत्य, कथा अशी विनोदांची लांबलचक रांग आहे. त्यातील बहुतेक विनोद गर्दीचे आणि गोंगाटाचे. मल्लांच्या कुस्तीला आखाडा लागतो, घोड्यांना मैदान लागते, ससाण्याला मोकळे रान लागते. माशांचा विनोद मात्र निःशब्द. राजाला पाण्याच्या काठी गप्प बसावे लागते आणि समोरचा प्राणी त्याचे राजेपण ओळखत नाही. हत्तीच्या झुंजीत राजा केवळ प्रेक्षक असतो. गळ टाकताना तो स्वतः उमेदवार असतो. या चौथ्या विंशतीत हा एकच विनोद असा आहे, की ज्यात हुकूम चालत नाही.

सोमेश्वर सुरुवात करतो ती माशांच्या ओळखीपासून. गळाच्या काठीचा विषय नंतर येतो. नवशिक्याला शिकविण्याचा हा क्रम कोणत्याही चांगल्या शिक्षकाला पटावा. आधी समुद्रातले मासे कोणते आणि नदी-तलावांतले कोणते, हा भेद. मग खवले असणारे आणि केवळ कातडीचे, म्हणजे बिनखवल्यांचे, हा दुसरा भेद. मग आकाराने थोर, मध्यम आणि लहान. अशा रीतीने पस्तिसाच्या आसपास माशांची नावे त्याने दिली आहेत. त्यांतील रोहित म्हणजे आपल्या बाजारातला रोहू, हे सांगावयास पंडित नको. इतर कित्येक नावांची ओळख पटविताना मात्र अभ्यासकांची दमछाक झाली आहे. या वर्गवारीला आजच्या प्राणिशास्त्राच्या कसोट्या लावणे अन्यायाचे होईल, पण गळकऱ्याच्या दृष्टीने ती पूर्ण उपयोगाची आहे. खवल्यांचा मासा बहुधा पिठाच्या गोळीला येतो, बिनखवल्यांचा पुष्कळदा तळाशी राहून मांसाहार करतो, मोठ्याला दोरी जाड लागते आणि लहानाला गळ बारीक. एका वर्गवारीत अर्धा धडा येऊन गेला.

त्यानंतर चारा. मत्स्यविनोदाचा गाभा येथे आहे. मासा भुकेला असतो म्हणून गळाला लागतो, असे अननुभवी माणसाला वाटते. सोमेश्वराची रीत निराळी आहे. ज्या जागी गळ टाकावयाचा त्या जागी आधी नियमाने खाद्य टाकावे, माशांना त्या जागेची आणि त्या वेळेची सवय लावावी आणि मगच गळ पाण्यात सोडावा. कोणत्या माशाला काय आवडते याचाही विचार त्याने केला आहे. धान्याच्या पिठाचे आणि भाताचे गोळे कोणासाठी, मांसाचे तुकडे कोणासाठी, हे त्याने वेगळे काढले आहे. एकच आमिष सर्वांना चालत नाही, हे त्याला ठाऊक होते. काठी, दोरी आणि लोखंडी गळ यांच्या सिद्धतेचा भागही अध्यायात आहेच. तरी वाचणाऱ्याच्या मनावर ठसतो तो साधनांपेक्षा संयम. एका दिवसात मासा पाहिजे असणाऱ्या माणसासाठी हा अध्याय लिहिलेला नाही.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. राजाला हे शिकविले कोणी? पंडितांच्या सभेत कोणता मासा कोणत्या पिठाला येतो याची चर्चा झाली असेल, असे मानणे कठीण आहे. हे ज्ञान पाण्यात उभे राहणाऱ्यांचे. भोई, ढीवर आणि त्यांच्यासारख्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले. सोमेश्वराच्या संस्कृत श्लोकांत त्या शिक्षकांची नावे नाहीत. राजाला सर्वज्ञ हे बिरुद मिळाले आणि ज्यांच्याजवळ बसून तो सर्वज्ञ झाला ते अनामिक राहिले. हे त्या काळाला धरूनच होते, असे म्हणून विषय संपविता येईल. तथापि त्याने त्यांचे ऐकून घेतले, ते लिहून ठेवण्याजोगे मानले आणि देवभाषेत आणून बसविले, हेही तितकेच खरे. माशांची नावे ओळखू न येण्याचे एक कारणही कदाचित येथेच असावे. कोळ्या-भोयांच्या तोंडच्या बोलीतील नावांना संस्कृताचे वस्त्र चढविले, की नऊशे वर्षांनी मूळ चेहरा ओळखणे अवघड होऊन बसते.

पाश्चात्त्य जगात गळाच्या छंदाचे साहित्य विपुल आहे. त्याच्याशी सोमेश्वराची तुलना करण्याचा मोह आवरत नाही. लोकर आणि पिसे गळाला बांधून त्याचा खोटा कीटक करावयाचा आणि तो पाण्याच्या पृष्ठावर टाकून मासा फसवायचा, या पद्धतीचे वर्णन इसवी सन 200 च्या सुमारास इलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील लोकांच्या संदर्भात केले. इंग्रजीत गळाच्या छंदावर पहिले पुस्तक छापले गेले ते 1496 मध्ये आणि आयझॅक वॉल्टनचा विख्यात ग्रंथ आला तो 1653 मध्ये. सोमेश्वर त्या इंग्रजी पुस्तकाच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधीचा. भारतात आलेल्या इंग्रजांना येथील पाण्यावर स्वतंत्र पुस्तक हवेसे वाटू लागले आणि मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी एच. एस. थॉमस यांनी 1873 मध्ये ते लिहिले. या देशातल्या राजाने हे काम सात शतकांपूर्वीच करून ठेवले आहे, याची कल्पना त्या वेळच्या इंग्रज गळकऱ्यांना असण्याचे कारण नव्हते.

इंग्रजांची आवडती पद्धत पिसांच्या माशीची. त्यांना ट्राउट हवा होता आणि ट्राउटला थंड पाणी हवे असते. म्हणून काश्मीर आणि निलगिरीच्या थंड प्रवाहांत तो मासा मुद्दाम आणून सोडण्यात आला. त्यामुळे पिसांच्या माशीने मासे धरणे म्हणजे डोंगरातला, धनिकांचा खेळ अशी समजूत झाली. वस्तुतः ही विद्या शिकण्यास संथ, उबदार पाण्याचा तलाव अधिक सोयीचा. वाहत्या पाण्यात नवशिक्याची दोरी प्रवाह ओढून नेतो. तलावात त्याला आपली चूक स्पष्ट दिसते. या पद्धतीत आमिष जवळजवळ वजनरहित असते. वजन असते ते दोरीला. त्यामुळे काठी मागे नेऊन दोरी पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे लागते आणि मगच पुढे फेकावी लागते. बहुतेक नवशिके हा क्षणभराचा विराम घेत नाहीत आणि दोरी त्यांच्याच पायांशी गोळा होऊन पडते. म्हणून जाणकार शिक्षक पहिले धडे गवतावर, गळाशिवाय देतात. गळ नसला की डोळ्याला आणि कानाला इजा होण्याची भीती राहत नाही आणि मासा मिळत नाही म्हणून खट्टू होण्याचाही प्रश्न उरत नाही.

तापणाऱ्या पाण्याचे काही नियम मात्र ध्यानात घ्यावेच लागतात. पाणी जितके उष्ण तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. वैशाखात दुपारी तलावाचा मासा सुस्त होतो, खोल पाण्यात किंवा सावलीत जातो. पहाट आणि सायंकाळ हीच त्याची खाण्याची वेळ. मरळ हा आपल्याकडचा मासा याला काहीसा अपवाद, कारण तो पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेऊ शकतो. पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून बसणारा हा शिकारी बेडकासारख्या हलत्या आमिषावर झडप घालतो, त्यामुळे पिसांचे मोठे आमिष त्याला भुरळ घालते. 1952 मध्ये भारतात आणलेला आणि नंतर सर्वत्र पसरलेला तिलापिया लहान आमिषाला सहज येतो आणि नवशिक्याचा हिरमोड करीत नाही. कतला मात्र पृष्ठाजवळचे सूक्ष्म जीव गाळून खाणारा. त्याच्यासमोर पिसांची माशी नाचवून उपयोग होत नाही. तेथे सोमेश्वराचा पिठाचा गोळाच खरा. गळाला लागलेला मासा सोडून द्यावयाचा असेल, तर उन्हाळ्यात त्याला फार वेळ दमवू नये. कोमट पाण्यात दमलेल्या माशाला पुन्हा श्वास मिळविणे जड जाते आणि सोडलेला मासा थोड्या वेळाने उलटा तरंगताना दिसतो.

मुंबईत पवई तलावावर 1955 पासून गळाचा छंद जोपासणाऱ्यांची संघटना आहे. विदर्भातील जलाशय बहुतांशी मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात आणि तेथील मासा हा त्या संस्थांच्या सभासदांच्या चुलीशी जोडलेला असतो. छंदासाठी गळ टाकणाऱ्याने त्यांची संमती घेणे आवश्यक आहे. सोमेश्वराला अशी संमती मागावी लागली नसेल. सरोवरही त्याचे आणि मासाही त्याचाच.

आता त्याच्या राज्याकडे वळू. इतिहासकारांनी सोमेश्वराला फारसे झुकते माप दिलेले नाही. बारा वर्षांच्या कारकीर्दीत त्याच्या नावावर मोठा विजय नाही. दक्षिणेत होयसळ विष्णुवर्धन नावापुरता मांडलिक राहून आपले राज्य वाढवीत होता. आंध्रातील वेंगीवरील पकड सुटली आणि तेथे चोळांचे वर्चस्व परतले. विद्येत रमलेला, शांतताप्रिय आणि म्हणून राज्यास ढिला पडलेला राजा असे त्याचे चित्र रंगविले जाते. मासे धरीत बसला आणि राज्य घालविले, असा निकाल देणे सोपे आहे. तो कितपत न्याय्य आहे, याविषयी मात्र शंका घ्यावीशी वाटते. पन्नास वर्षे एका बलाढ्य माणसाच्या दबावाखाली वाकलेले सामंत तो माणूस जाताच ताठ होतात. दख्खनच्या इतिहासात हे वारंवार घडले आहे. शिवाय दुसरी विंशती वाचली, तर कोश, दुर्ग, सैन्य, मित्र, दंड या सर्व अंगांची त्याची जाण कच्ची दिसत नाही. आपल्या हयातीत त्याने कल्याणी राखली, गादी पुत्राकडे निर्वेध सोपविली आणि कोणत्याही भावाचा काटा काढल्याची नोंद त्याच्या नावावर नाही. पित्याला हे तिसरे जमले नव्हते.

1138 च्या सुमारास सोमेश्वराचा अंत झाला. त्याच्या मागे जगदेकमल्ल आणि मग तिसरा तैलप गादीवर आले. तैलपाच्या कारकीर्दीत, 1157 च्या सुमारास, त्याचाच सामंत कलचुरी बिज्जल याने कल्याणी बळकावली. महात्मा बसवेश्वरांची चळवळ याच बिज्जलाच्या काळात कल्याणीत उभी राहिली आणि आज त्या नगरीची ओळख सोमेश्वराची नसून बसवेश्वरांची आहे. नगरीच्या नावातच ते दिसते. चालुक्यांनी शतकाच्या अखेरीस काही वर्षे पुन्हा डोके वर काढले खरे, पण उत्तरेकडून यादव आणि दक्षिणेकडून होयसळ यांच्या कात्रीत ते राज्य संपले. राजा गेल्यावर पुरती सहा-सात दशकेही सत्ता टिकली नाही.

मराठी वाचकाने या राजाचे ऋण मानावे असे एक कारण माशांपलीकडचेही आहे. गीतविनोदाच्या अध्यायात त्याने निरनिराळ्या प्रांतांच्या गाण्यांची नोंद केली, तेव्हा महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात हेही लिहून ठेवले. मराठीतील काही पद्यरचनाही त्याने उदाहरणादाखल घेतली. ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून अधिक वर्षे आधीची ही नोंद आहे. उखळापाशी बसलेल्या बाईचे गाणे आणि पाण्यात उभ्या भोयाचे शहाणपण, दोन्हींकडे या माणसाचे सारखेच लक्ष होते. दरबारातले बाकीचे पंडित अशा वेळी काय करीत होते, देव जाणे.

ग्रंथ पुढे हस्तलिखितांच्या रूपाने पोथीशाळांतून पडून राहिला. त्याला छापील रूप मिळाले ते बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने 1916 मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली. तिचे पहिले पुष्प राजशेखराची ‘काव्यमीमांसा’, जिच्यात विदर्भातील वत्सगुल्माचे, म्हणजे आपल्या वाशीमचे, नाव आले आहे. याच मालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी ‘मानसोल्लास’ संपादित केला. पहिला खंड 1925 मध्ये, दुसरा 1939 मध्ये आणि तिसरा 1961 मध्ये निघाला. पहिल्या खंडापासून तिसऱ्यापर्यंत छत्तीस वर्षे गेली. एवढा काळ तर सोमेश्वराने राज्यही केले नव्हते.

संस्कृतज्ञांच्या कपाटातून मत्स्यविनोद बाहेर काढण्याचे श्रेय मात्र एका प्राणिशास्त्रज्ञाकडे जाते. सुंदरलाल होरा हे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक आणि माशांचे जगन्मान्य अभ्यासक. प्राचीन भारतीयांच्या मत्स्यज्ञानावर त्यांनी लेखमालाच लिहिली. कौटिल्याचे अर्थशास्त्र झाले, अशोकाच्या स्तंभलेखातील मत्स्यविषयक निर्बंध झाले आणि 1951 मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी सोमेश्वराचा अध्याय मांडला. प्रत्यक्ष नदीत उतरून मासे गोळा करणाऱ्या शास्त्रज्ञाला या राजाची निरीक्षणे जवळची वाटली, यात नवल नाही. होरा 1955 मध्ये निवर्तले. पुढे अर्धशतकाने, 2005 मध्ये, सिकंदराबादेतील कृषी-इतिहासाच्या नियतकालिकात नलिनी साधले आणि य. ल. नेने यांनी याच अध्यायाचा नव्याने अभ्यास प्रसिद्ध केला आणि माशांच्या ओळखीचा प्रश्न पुन्हा हाती घेतला. एक संस्कृतज्ञ आणि दुसरे कृषिशास्त्रज्ञ. बसवकल्याणचा त्रिपुरांत तलाव आजही तेथे आहे. पावसाळ्यात भरतो आणि त्याचे जादा पाणी मांजरेच्या दिशेने जाते.